बेटाची रंगीत तालीम

जवाहरनगरच्या क्वार्टरांमध्ये अंदमानला जाऊन न आलेलं घर आता शोधावं लागतं. एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, विमानाने जाता येतं हे एकदा कळल्यावर फॅक्टरीची निम्मी माणसं तिकडे फिरून आली. कोणाच्याही घरी बसायला गेलं की आधी फोटो, मग शंख, मग समुद्राच्या तळाशी हेल्मेट घालून उभं राहिल्याचा व्हिडिओ, आणि चहा सगळ्यात शेवटी. आमचंच घर तेवढं राहिलं होतं, आणि त्याला कारण आमचे हे.

संघपाल फॅक्टरीत सेफ्टी विभागात आहेत. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी पोळलेलंच नाही, तरी हे साधं पाणी फुंकून पितील. झोपण्याआधी गॅसची कळ बघायची, मग मी बघितली का ते विचारायचं, मग पुन्हा एकदा स्वतः बघायची. बाजारात माझ्यापुढे चार पावलं चालायचं, रस्त्यात कुठे झाकण उघडं असेल म्हणून. अशा माणसाबरोबर जीव सुखरूप राहतो, पण कंटाळतोसुद्धा. त्यात पाण्याची त्यांना भारी धास्ती. तुमसरला राइस मिलच्या आवारात वाढलेले, पोहायला कधी शिकलेच नाहीत.

या वर्षी मात्र आमू, आमची सहावीतली मुलगी, हटून बसली. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव आम्रपाली आहे; तेवढं भारदस्त नाव फक्त रागावताना घेतलं जातं. वर्गात अंदमान न बघितलेली ती एकटीच उरली होती म्हणे. शेवटी नाताळच्या सुट्टीची तिकिटं काढली आणि संघपालांनी नियोजनाला हात घातला.

हॅवलॉक बेटावरचा एक अख्खा दिवस त्यांनी ‘ॲडव्हेंचर डे’ म्हणून वेगळा काढला. सकाळी खारफुटीच्या जंगलातून कयाक, मग नळी तोंडात धरून उथळ पाण्यात मासे बघणं, मग जंगलवाटेने पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत पायी, दुपारी समुद्राच्या तळावरून चालणं. जेवणाच्या टेबलावर बेटाचा नकाशा पसरलेला असायचा आणि त्यावर मसुराचे दाणे हलवत हे आम्हाला सांगायचे की आमू इथे, तू इथे, मी शेवटी. कोणाला कुठे धाप लागेल, कोणी कोणाकडे बघायचं, वाट चुकली तर कुठे जमायचं, सगळं ठरलेलं. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, की आपण फिरायला चाललो आहोत की बेट जिंकायला? त्यावर ते हसलेसुद्धा नाहीत. फॅक्टरीत मॉक ड्रिल केल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही, तेव्हा हेही होणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

मॉक ड्रिलसाठी बेट पाहिजे. ते माझ्या माहेरी होतं.

मोहटोला शहापूरवरून आत गेलं की लागतं. गाव लहान, तलाव मोठा. तलावाच्या मधोमध एक टेकाड आहे, उन्हाळ्यात त्याला जमिनीची वाट असते आणि पावसाळ्यानंतर ते चारी बाजूंनी पाण्यात उभं राहतं. नारळ नाहीत, पण शिंदीची झाडं आहेत. लांबून डोळे बारीक करून बघितलं तर अंदमान म्हणून खपून जावं. मी त्या तलावाच्या पाळीवर, बांधावर खेळले, तिथलेच शिंगाडे खाऊन मोठी झाले. टेकाडाबद्दल गावात कोणी कधी वाईट बोललेलं मला आठवत नाही. आणि बोललं असतं तरी आमच्या घरात ते टिकलं नसतं. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि त्यांच्याखाली माझे वडील, अशा घरात मी वाढले. आज शाळेत विज्ञान शिकवते. काही झालं की आधी कारण शोधायचं, ही सवय हाडात आहे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही गेलो. भारी धानाची कापणी चालू होती, हवेत ओल्या तणसाचा वास होता. आई, वच्छलाबाई, जावयाच्या हातातली नवी लाल दोरी, लाइफ जॅकेटं, गळ्यातली शिट्टी हे सगळं बघून पाळीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. कवडू धीवराने आम्हाला डोंग्यात घेतलं. एका लाकडाचा कोरलेला तो डोंगा आणि कवडू, दोघांनाही मी लहानपणापासून असंच म्हातारं बघितलं आहे. संघपाल दोन्ही कडा घट्ट धरून बसले होते. त्यांचं कपाळ घामाने ओलं झालं होतं. मुलीसाठी हा माणूस एवढं करतो आहे हे बघून मला त्यांची माया वाटली, आणि थोडं हसूही आलं.

टेकाडावर उतरल्यावर गावाचा आवाज थांबला. वारा उलटा असेल. ऊन शिंदीच्या पानांतून गाळून येत होतं, हिरवट, तळाशी बसलेल्या पाण्यासारखं. आम्ही त्यांच्या शिट्टीवर सगळं केलं. काठावरच्या उथळ पाण्यात चष्मे लावून तोंडं बुडवली, लाल दोरीला धरून झाडांमधून वळसा घातला, गुडघाभर पाण्यात सावकाश चाललो. मग आईने दिलेल्या पोळ्या खाल्ल्या आणि मला झोप लागली. दुपारी न झोपणारी मी, तिथे अशी झोपले की जागी झाले तेव्हा क्षणभर आपण कुठल्या बेटावर आहोत ते कळेना. संघपाल तेव्हाही दोरीच्या गाठी तपासत होते.

परतताना ती गोष्ट झाली. तिला गोष्ट म्हणावं एवढंही तेव्हा काही वाटलं नाही.

आमच्या तलावाची एक रीत आहे. टेकाडावरून निघताना डोंगेवाला माणसं मोजत नाही. सगळे बसले की तो उभा राहतो आणि एकेकाला नाव घेऊन बोलावतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्याने तोंडाने ‘आलो’ म्हणायचं. समोर बसलेल्या माणसालासुद्धा. शिंगाडे तोडायला गेलेल्या बायाही म्हणतात. घरातली सगळी कर्मकांडं बाहेर फेकलेले माझे वडीलही म्हणायचे. एसटीचा कंडक्टर घंटी मारतो तसंच आहे ते, एवढंच त्यांचं त्यावर मत.

कवडूने ‘रत्नमाला’ असं माझं नाव घेतलं, मी ‘आलो’ म्हटलं. आमूचं घेतलं, ती खिदळत ‘आली’ म्हणाली. मग तो संघपालांकडे वळला. पण ते आपल्या पद्धतीने डोकी मोजत होते, आणि ड्रिलमध्ये हजेरी हाताने द्यायची असते, बोलून नाही. शिट्टी दातांत तशीच धरून त्यांनी अंगठा वर केला. कवडूने पुन्हा नाव घेतलं. पुन्हा अंगठा. तिसऱ्यांदा नाव न घेता कवडूने डोंगा लोटला.

अर्ध्या वाटेवर माझं लक्ष गेलं. संघपालांनी कडा सोडल्या होत्या. एक हात पाण्यात सोडून ते मागे रेलून बसले होते, बोटांमधून पाणी जाऊ देत. गळ्यात शिट्टी नव्हती. दोरी आणि त्यांचं जॅकेट टेकाडावरच राहिल्याचं मी म्हटलं, तर म्हणाले, “राहू दे ना.”

घरी आल्यावर मला वाटलं, पाण्याची भीती एकदा मोडली की माणूस असाच मोकळा होत असेल. शाळेत मी मुलांना हेच सांगते, ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ जाऊन बघा. कारण सापडलं, आणि मी निश्चिंत झाले.

ते दिवस फार सुंदर गेले. नकाशा टेबलावरून उठला. मसुराचे दाणे मी डाळीत परत टाकले. ॲडव्हेंचर डेचं काय म्हणून आमू विचारायची, तर ते तिला मांडीवर घेऊन बेट सांगत बसायचे. काय करायचं ते नाही, तिथे कसं असतं ते. दुपारी पाण्याखाली उजेड कसा वाकून येतो, मासे डोळे उघडे ठेवून कसे झोपतात, वरून जाणाऱ्या नावेची सावली अंगावरून गेली की किती थंड वाटतं. आमू ऐकता ऐकता पेंगायची. मीसुद्धा. घरात ओल्या मातीचा गोडसर वास असायचा. न्हाणीघराच्या मोरीत काही अडकलं असेल म्हणून मी सळी घालून बघितली, काही नव्हतं.

बाजारात ते माझ्या पुढे नाही, माझ्या बरोबर चालू लागले. हात धरून. शेजारच्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, काय हो, दुसरं लग्न केलं का याच माणसाशी? मी लाजले. खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं. संध्याकाळी ते माझ्या केसांना तेल लावून द्यायचे, आणि गुणगुणायचे. त्या गाण्याला शब्द नव्हते. गॅसकडे कोणी बघत नव्हतं, म्हणून मीच बघायला लागले.

मग आईचे फोन सुरू झाले.

“जवाई घरीच आहेत ना वं?” पहिल्यांदा तिने हे विचारलं तेव्हा ते समोर बसून पेरू खात होते. आई म्हणाली की दुपारी टेकाडावरून शिट्टी ऐकू येऊन राहिली. एक लांब, मग थांबून दोन आखूड. मी तिला सांगितलं की थंडीत आपल्या तलावांवर अडई बदकं उतरतात, ती हुबेहूब शीळ घालतात. आईलाही अडई माहीत होती. तिचं आयुष्य गेलं त्या तलावावर. ती नुसती हो म्हणाली, आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करून तेच विचारलं.

फोन ठेवल्यावर मी संघपालांना विचारलं, की ड्रिलमध्ये सगळ्यांना एका जागी गोळा करायची शिट्टी कशी असते? त्यांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं.

“कोणती शिट्टी?” ते म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी घराची किल्ली आईकडे द्यायला मी आणि आमू स्कूटरने मोहटोल्याला गेलो. संघपाल ड्युटीवर होते. किल्ली देऊन परत फिरायचं एवढंच ठरलं होतं. पण पाळीवर कवडू डोंग्यातलं पाणी उपसत होता, आणि मी त्याला म्हटलं की आमची दोरी राहिली आहे तिकडे, घेऊन येऊ. आमू माझ्याआधी डोंग्यात जाऊन बसली. मी तिला उतर म्हटलं नाही. शिट्टी मारणारं बदक एकदा डोळ्यांनी बघावं, तिलाही दाखवावं, असंच माझ्या मनात होतं.

दुपार टळली होती. पाणी इतकं स्थिर, की बांबू बुडायचा तेवढाच आवाज. शिंगाड्याचे वेल काढून झाले होते, मधलं पाणी मोकळं होतं.

“मी बलावलो होतो बाई त्यायले,” कवडू बांबू मारता मारता म्हणाला. “दोनदा. ते तोंडानं बोललेच नाई.”

मी म्हटलं, ते तर आमच्याबरोबर घरी आले, कवडू. माझ्याच घरात आहेत.

त्याने मान हलवली. तेही त्याला मान्य होतं.

“आता माह्या हाकेवर नाई येत. तुम्ही नाव घ्या, तुमच्या आवाजावर येतीन,” तो म्हणाला. “तलाव दोघंही देत नाई पण. एकाले देते, तं एकाले ठेवते.”

टेकाडाच्या थोडं अलीकडे त्याने बांबू रोवला आणि डोंगा थांबवला.

आधी मला फक्त दोरी दिसली. आम्ही बांधली होती तेवढीच नाही. ती आता साऱ्या टेकाडावर फिरली होती, शिंदीच्या एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत, कमरेच्या उंचीवर, आमूच्या हाताला लागेल अशी आणखी एक खाली. तुटली तिथे पळसाच्या सालीचा दोर वळून जोडलेला. वळणावळणावर खड्यांचे बाण. जॅकेट फांदीवर वाळत घातलेलं. मधली जागा गोल झाडून काढली होती, पालापाचोळा एका कडेला, आणि त्या गोलात तीन ओंडके, एक मोठा, एक मधला, एक लहान.

सगळा दिवस तयार होता. मातीवर एकाच माणसाच्या पावलांची गोल वाट पडली होती, चालून चालून खोल गेलेली.

गाठी मी ओळखल्या. अशी गाठ दुसरं कोणी मारत नाही.

मला रडू आलं. इतके दिवस हा माणूस इथे रोज आमची वाट झाडत होता, आम्हाला काही होऊ नये म्हणून. माझा नवरा. मी नाव घ्यायला तोंड उघडलं.

आणि मला घरचा माणूस आठवला. माझ्या केसांतली त्याची बोटं. आमूला मांडीवर घेऊन सांगितलेलं बेट. भरून ठेवलेल्या बॅगा, आणि उद्या काय करायचं ते माहीत नसण्यातलं सुख. मला तो हवा होता. लग्नानंतर पहिल्यांदा मला माझ्या घरी जायची ओढ लागली होती, आणि ती त्याच्यामुळे.

मी तोंड मिटलं.

झाडांमागून शिट्टी वाजली. एक लांब. थांबून दोन आखूड. बदक नव्हतं कुठेच.

कवडू माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. परत चल.

त्याने बांबू उपसला, आणि तेव्हा टेकाडावरून हाक आली. घाई नाही, राग नाही. हजेरी घेतात तशी.

“रत्नमाला.”

मी ओठ दातांत धरले.

“रत्नमाला.”

पाण्यावर एक तरंगसुद्धा नव्हता. “बोलू नोका बाई,” कवडू अगदी हळू म्हणाला, आणि बांबू जोरात रेटला.

थोडा वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, झालं. सुटलो.

“आम्रपाली.”

मी पुढे झुकून हात टाकला, तिच्या तोंडावर. पण ती शाळेतली मुलगी. नाव घेतलं की तोंडातून निघून जातं.

“आली बाबा,” आमू म्हणाली.

काही झालं नाही. कोणी पाण्यात पडलं नाही, झाडांत कोणी हललं नाही. शिट्टी थांबली. आमू माझ्या समोर बसलेली होती, तिथेच, दोन्ही वेण्या खांद्यावर. तिने एक हात पाण्यात सोडला आणि मागे रेलून ती माझ्याकडे बघून हसली.

कवडूने बांबू मारणं थांबवलं होतं. तो आमूकडे बघत नव्हता. तो डोंग्याच्या बाहेरच्या कडेकडे बघत होता. मीही बघितलं. लाकडाची एक काळी ओली पट्टी, जी मघापर्यंत पाण्याखाली होती, ती आता, कोणी उतरलं की येते तशी, चार बोटं वर आली होती.